अँडरसन, लिंडसे

(१७ एप्रिल १९२३ – ३० ऑगस्ट १९९४). ब्रिटिश अनुबोधपटकार, चित्रपट व नाट्यदिग्दर्शक आणि समीक्षक. जन्म बंगळूर येथे. वडील ब्रिटिश लष्करात अधिकारी. शिक्षण चेल्टनम कॉलेज व ऑक्सफर्डचे वॉडम कॉलेज येथे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ते दिल्लीत लष्कराच्या गुप्तवार्ता विभागात संकेतलिपीच्या कामावर होते. *सीक्वेन्स* या चित्रपटविषयक नियतकालिकातील त्यांच्या धारदार समीक्षेने ते प्रथम नावारूपास आले.

१९४८ पासून त्यांनी यॉर्कशरमधील वेकफील्डच्या एका कन्व्हेयर-पट्टे बनविणाऱ्या कारखान्यासाठी लघुपट केले. मार्गेट येथील मूकबधिर मुलांच्या शाळेवरील *थर्स्डेज चिल्ड्रन* (१९५४, गाय ब्रेंटन यांच्यासह, निवेदन रिचर्ड बर्टन) या लघुपटास ऑस्कर पारितोषिक मिळाले. *ओ ड्रीमलँड* हा मार्गेटच्याच करमणूक-उद्यानावरील सु. १२ मिनिटांचा लघुपट. त्याचे साल काही ठिकाणी १९५६ दिले जाते, ते जाहीर प्रदर्शनाचे होय. चित्रण १९५३ च्या सुमारास झाले असावे.

‘फ्री सिनेमा’ (१९५६ ते १९५९ या काळातील लघुपटांच्या कार्यक्रमांना दिलेले नाव) ही चळवळ मानावी की नुसते नाव, याविषयी एकमत नाही. फेब्रुवारी १९५६ मध्ये लंडनच्या नॅशनल फिल्म थिएटरमध्ये अँडरसन, कारेल राइझ, टोनी रिचर्डसन व लोरेन्झा माझेट्टी या दिग्दर्शकांचे लघुपट एकत्र दाखविले गेले. ते स्वतंत्रपणे तयार झालेले होते. नाव आणि जाहीरनामा नंतर आले, आणि वृत्तपत्रांचे लक्ष वेधण्याचा हेतू त्यामागे होताच. तरीही १९५९ पर्यंत झालेल्या सहा कार्यक्रमांतील ब्रिटिश लघुपटांचे साम्य केवळ प्रसिद्धीने सांगता येत नाही. त्याचे एक कारण यंत्रातच होते. किल्ली देऊन चालणाऱ्या १६ मिमी. बोलेक्स कॅमेऱ्यावर एका दमात सु. २२ सेकंदांचेच चित्रण होई व सोबत संवाद मुद्रित करणे अवघड होते. त्यामुळे तुटक दृश्ये व वेगळा जुळविलेला ध्वनी ही सक्ती हळूहळू शैली बनली. *ओ ड्रीमलँड*मधील यांत्रिक बाहुल्याचे हास्य हा त्याचाच नमुना. ब्रिटिश अनुबोधपटाचे प्रवर्तक जॉन ग्रिअर्सन यांच्या बोधवादी परंपरेपेक्षा अँडरसनना अनुबोधपटकार हंफ्री जेनिंग्ज जवळचे वाटत. कॉव्हेंट गार्डनच्या भाजीबाजारातील कष्टकऱ्यांवरील *एव्हरी डे एक्सेप्ट ख्रिसमस* (१९५७) मध्ये ही जवळीक दिसते, मात्र त्यातील माणसे थोडी जास्तच गोड आहेत.

*धिस स्पोर्टिंग लाइफ* (१९६३) व *इफ....* (१९६८, कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक १९६९) या कथापटांमुळे त्यांची अनुबोधपटकार ही ओळख मागे पडली.

आपली समलैंगिकता त्यांनी जाहीरपणे मांडली नाही. शाळेपासूनचे मित्र गॅव्हिन लँबर्ट यांनी २००० साली आठवणींच्या पुस्तकात ती उघड लिहिली. भिन्नलिंगी आणि म्हणूनच अप्राप्य अशा नटांकडे अँडरसन ओढले जात, असे लँबर्ट यांचे म्हणणे. काही स्नेह्यांना हा विश्वासघात वाटला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अँडरसन यांच्या रोजनिशीवरून लँबर्ट यांचा मुद्दा अधिक ग्राह्य दिसतो. इंग्लंडमध्ये पुरुषांमधील समलिंगी संबंध १९६७ पर्यंत गुन्हा होते. तथापि त्यानंतरही अँडरसन गप्प राहिले, तेव्हा केवळ कायद्याकडे बोट दाखवून भागत नाही. या ओढीचा त्यांच्या अनुबोधपटांशी थेट संबंध जोडणारे अर्थनिर्णय सावधपणेच घ्यावेत.

१९८५ मध्ये व्हॅम! या पॉप गटाच्या चीन दौऱ्यावर त्यांनी अनुबोधपट केला, पण अंतिम संकलन त्यांच्या हातून काढून घेण्यात आले. *इज दॅट ऑल देअर इज?* हा बीबीसी स्कॉटलंडसाठीचा आत्मचरित्रात्मक अनुबोधपट अखेरच्या काळातला. फ्रान्समध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची कागदपत्रे स्टर्लिंग विद्यापीठात आहेत.