उतरणीवरचा ऑटोपायलट आणि त्यावरची नजर

इंदूरच्या पश्चिमेला बिजासन टेकडीवर देवीच्या दर्शनाला गेलेल्या माणसाला देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावर उतरणारी विमाने अगदी जवळून दिसतात, आणि विमान दोरीला बांधल्यासारखे सरळ खाली येताना पाहिले की आमच्या मराठी मंडळींपैकी कुणीतरी ‘आता सगळं कॉम्प्युटरच करतो’ असे म्हणतेच. हे अर्धेच खरे आहे. उतरणीचा बराचसा भाग यंत्र सांभाळू शकते. पण ते यंत्र त्या क्षणी नेमके काय करीत आहे, हे पाहत राहणे हे वेगळे काम आहे, आणि त्या कामाला स्वतःचे नाव मिळायला ऑटोपायलटच्या जन्मानंतर जवळजवळ ९० वर्षे जावी लागली.

१८ जून १९१४ रोजी पॅरिसजवळ सीन नदीवर लॉरेन्स स्पेरी या २१ वर्षांच्या तरुणाने विमानसुरक्षेच्या स्पर्धेत आपले जलविमान परीक्षकांसमोरून नेले, तेव्हा त्याचे दोन्ही हात वर होते आणि मेकॅनिक पंखावर चालत गेला होता; तरी विमान कलले नाही, कारण जायरोस्कोपवर, म्हणजे आपली दिशा न सोडणाऱ्या वेगाने फिरत्या चाकावर, चालणारे यंत्र त्याचा तोल राखीत होते. पुढे १९३३ साली अमेरिकी वैमानिक विली पोस्टने एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली तीही स्पेरी ऑटोपायलटच्या मदतीने. या यंत्राकडून तेव्हा एवढेच हवे होते की लांबच्या प्रवासात वैमानिकाचे हात मोकळे राहावेत. यंत्र भरकटले तरी सावरायला खाली हजारो फूट शिल्लक असत.

उतरताना ही सवड राहत नाही. आयएलएस ही रेडिओ किरणांची व्यवस्था १९३०च्या दशकाच्या अखेरीस प्रवासी विमानांच्या वापरात येऊ लागली. तिचा एक किरण धावपट्टीची मध्यरेषा दाखवतो आणि दुसरा साधारण तीन अंशांची उतरण, म्हणजे दर सागरी मैलामागे सुमारे ३०० फूट. ऑटोपायलट या किरणांना जोडला गेल्यावर तो विमान केवळ समतल ठेवणारा राहिला नाही, तर जमिनीकडे नेणारा झाला. १० जून १९६५ रोजी पॅरिसहून लंडनला आलेल्या ट्रायडेंट विमानात टेकण्याआधी नाक उचलण्याची नाजूक क्रियाही प्रवासी बसलेले असताना यंत्राने केली. ट्रायडेंटच्या प्रणालीत तीन समांतर शाखा होत्या आणि जी शाखा इतर दोघींशी जुळणार नाही ती बाद होत असे. यंत्राची राखण यंत्राने करावी, ही व्यवस्था इतक्या काळजीने आखलेली होती. माणसाने काय पाहावे, याचा विचार मात्र मागे राहिला.

वास्तविक इशारा मिळालेला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रडारसमोर तासन्‌तास बसणाऱ्यांच्या नजरेतून पाणबुड्यांच्या खुणा निसटत, म्हणून मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी केंब्रिजमध्ये घड्याळासारख्या काट्याचा प्रयोग केला, आणि क्वचित घडणारी गोष्ट टिपण्याची माणसाची क्षमता पहिल्या अर्ध्या तासातच घसरते, असे १९४८ साली दाखवून दिले.

२९ डिसेंबर १९७२ च्या रात्री मायामीला उतरू पाहणाऱ्या ईस्टर्न एअरलाइन्सच्या ट्रायस्टार विमानात पुढच्या चाकांचा दिवा लागेना, म्हणून वैमानिकांनी ऑटोपायलट २,००० फुटांवर लावला आणि कॉकपिटमधले सगळे त्या एका दिव्याच्या मागे लागले. बहुधा सुकाणूला धक्का लागून उंची धरून ठेवणारा मोड, म्हणजे यंत्राने काय सांभाळायचे याची केलेली निवड, सुटला. विमान इतके हळू उतरू लागले की कुणाला जाणवले नाही, आणि धोक्याची घंटी वाजली तीही कुणी ऐकली नाही. १०१ माणसे गेली. उंचीवर लक्ष ठेवणे हे त्या कॉकपिटमध्ये सर्वांचे काम होते, आणि म्हणूनच ते कुणाचेच नव्हते.

आपल्याकडचा धडा १४ फेब्रुवारी १९९०चा. मुंबईहून बंगळूरला जाणारे इंडियन एअरलाइन्सचे नवे एअरबस ए३२० विमान धावपट्टीच्या अलीकडेच कोसळले आणि ९२ जण दगावले. उतरण्याचा वेग मिनिटाला ७०० फूट ठेवायचा असताना ७०० हा आकडा चुकून उंचीच्या खिडकीत भरला गेला असावा, असा संभव नंतर मांडला गेला. मोड असा होता की इंजिने किमान ताकदीवरच राहिली, आणि गती घटत असल्याचे फार उशिरा ध्यानात आले. दोनच वर्षांनी स्ट्रासबर्गजवळ त्याच जातीचे विमान डोंगरावर आदळले, तेथे ३.३ अंशांचा कोन हवा होता, पण मोड उतरण्याच्या वेगाचा असल्याने यंत्राने तेच ३३ हे अंक मिनिटाला ३,३०० फूट असे धरले आणि विमान त्या वेगाने उतरले, हे सर्वांत संभवनीय कारण मानले जाते. माझ्या मते या इतिहासाचे मर्म येथे आहे: यंत्र बिघडले नव्हते, त्याला जे सांगितले गेले ते त्याने इमानाने केले.

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने १९९४ साली ३७ अपघात तपासले, तेव्हा ३१ प्रसंगी लक्ष ठेवण्यात किंवा वेळीच टोकण्यात उणीव आढळली. तोवर दुसऱ्या वैमानिकाची ओळख ‘विमान न चालवणारा’ अशी नकारात्मक होती. २००३ साली अमेरिकी नियामकाच्या मार्गदर्शिकेने त्याला ‘देखरेख करणारा वैमानिक’ म्हटले. मराठीत लक्ष असणे आणि लक्ष ठेवणे यांत जो फरक आहे, तोच या नामांतरात होता. मोड बदलला की तो मोठ्याने वाचणे, दुसऱ्याने पडताळणे, ठरलेल्या उंचीवर ठरलेला शब्द उच्चारणे, अशी शिस्त या भूमिकेशी जोडली गेली.

तरीही २००९ साली ॲमस्टरडॅमला उतरणाऱ्या एका विमानात सदोष रेडिओ अल्टिमीटरमुळे (रेडिओ लहरींनी जमिनीपासूनची उंची मोजणारे यंत्र) ऑटोथ्रॉटलने, म्हणजे इंजिनांची ताकद आपोआप सांभाळणाऱ्या यंत्रणेने, विमान टेकत आहे असे मानून ताकद काढून घेतली. पडद्यावर तो मोड लिहिलेला होता आणि तो वेळेत वाचला गेला नाही; विमान धावपट्टीआधीच कोसळले. २०१० साली मंगळूरला तर सहवैमानिकाने पुन्हा वर जाण्यास सुचवले होते, पण कॅप्टन उतरतच राहिला आणि १५८ जण मृत्युमुखी पडले.

इंदूरची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे १,८५० फूट उंच आहे. त्यामुळे जमिनीपासून १,००० फुटांवर समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणारा अल्टिमीटर साधारण २,८५० दाखवतो. ढगाळ हवेत त्या टप्प्यापर्यंत गती, उतरण्याचा वेग आणि इंजिनांची ताकद जागेवर बसलेली नसेल, तर देखरेख करणाऱ्याने तसे सांगावे आणि विमान पुन्हा वर न्यावे, अशी आता सर्वसाधारण प्रथा आहे. टेकडीवरून पाहणाऱ्याला मात्र विमान एकाएकी नाक उचलून निघून गेलेले दिसते, आणि गावात ‘थोडक्यात वाचले’ अशी चर्चा होते.