संशयाची जुनी वाट

मराठीत संशय हा शब्द बदनाम आहे. शंकेची पाल चुकचुकते, संशयाचं भूत मानगुटीवर बसतं आणि 'संशयात्मा विनश्यति' हे तर गीता न वाचलेल्यालाही पाठ असतं. त्यामुळे संशयवाद म्हटलं की आपण थेट देकार्त आणि ह्यूम या युरोपीय तत्त्वज्ञांकडे वळतो. आपल्या दर्शनांत संशयाला केवढा मान होता, हे विसरून जातो. मला ही विस्मृती फार खुपते.

संध्याकाळी शेताच्या बांधावर काहीतरी उभं दिसतं. उंची माणसाएवढी. हातपाय दिसत नाहीत, ढोलीही दिसत नाही. खुंट की माणूस? 'स्थाणुर्वा पुरुषो वा' हे न्यायशास्त्रातलं संशयाचं ठरलेलं उदाहरण. गौतमाच्या न्यायसूत्रांत सोळा पदार्थ, म्हणजे विचाराचे विषय, मोजले आहेत. त्यांत प्रमाण (ज्ञानाचं साधन) आणि प्रमेय (ज्ञानाचा विषय) यांच्या पाठोपाठ, तिसऱ्या जागी, संशय येतो. भाष्यकार वात्स्यायन कारण देतो: जे ठाऊकच नाही आणि ज्याचा निकाल लागला आहे, अशा दोन्ही ठिकाणी न्याय, म्हणजे तर्काने केलेली तपासणी, प्रवृत्त होत नाही. तो प्रवृत्त होतो संशय असेल तिथेच.

नैयायिकांचा, म्हणजे न्यायशास्त्र मानणाऱ्यांचा, संशय निर्णयापाशी थांबतो. पण थांबायला तयार नसलेली माणसंही होती. बुद्धाच्या काळातला संजय बेलट्ठिपुत्त परलोक आहे असं म्हणत नसे, नाही असंही म्हणत नसे. बौद्धांनी त्याला बुळबुळीत माशासारखा निसटणारा ठरवलं. तरी सारिपुत्त आणि मोग्गल्लान हे बुद्धाचे पट्टशिष्य आधी याच संजयाकडे होते, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

फक्त प्रत्यक्ष, म्हणजे इंद्रियांनी मिळणारं ज्ञान, मानणाऱ्या चार्वाकांनी अनुमानावर बोट ठेवलं. धूर तिथे अग्नी, हे सगळ्या काळांत आणि सगळ्या ठिकाणी खरं आहे, हे कोणी पाहिलं? मागचं आणि पुढचं डोळ्यांना दिसत नाही. अनुमानाने सिद्ध करावं, तर त्या अनुमानाला पुन्हा तसाच नियम लागतो. हा युक्तिवाद चौदाव्या शतकातल्या 'सर्वदर्शनसंग्रहा'त पहिल्याच प्रकरणात आहे. या ग्रंथाची वासुदेवशास्त्री अभ्यंकरांच्या संस्कृत टीकेसह आवृत्ती पुण्यात भांडारकर संस्थेने १९२४ साली काढली.

या सगळ्यांच्या पुढे गेला तो नवव्या शतकाच्या आसपासचा जयराशी भट्ट. तो चार्वाकांचा आद्य गुरू मानल्या जाणाऱ्या बृहस्पतीचा दाखला देतो, पण चार्वाकांनी राखलेलं एकटं प्रत्यक्षही शिल्लक ठेवत नाही. नैयायिक म्हणतात, प्रत्यक्ष ज्ञान 'अव्यभिचारी', म्हणजे न चुकणारं असतं. जयराशी विचारतो, ते चुकलेलं नाही हे कळतं कशावरून? ज्या इंद्रियांनी पाहिलं ती निर्दोष आहेत म्हणून? पण इंद्रियं स्वतःच दिसत नाहीत, मग त्यांचा निर्दोषपणा कुठून दिसणार? नंतर कोणी ते खोडलं नाही म्हणून? पण खोडणारं ज्ञान अजून उगवलंच नसेल. रखरखीत उन्हात लांबवर पाणी दिसलं आणि आपण तिकडे गेलोच नाही, तर ते मृगजळ असूनही कोणी खोडणार नाही. मग, तिथे जाऊन खरंच पाणी प्यायलो म्हणून? ते प्यायल्याचं ज्ञान तरी खरं कशावरून? प्रत्येक दार तो असं शांतपणे लावत जातो.

त्याच्या ग्रंथाचं नाव 'तत्त्वोपप्लवसिंह', म्हणजे सगळ्या तत्त्वांची उलथापालथ करणारा सिंह. शेवटी तो म्हणतो, तत्त्वं अशी ढासळली तरी रोजचे व्यवहार चालूच राहतात. ते 'अविचारितरमणीय' असतात, खोलात न शिरता गोड वाटणारे. म्हणजे सामान्य माणसाचं जगणं त्याने मोडलेलं नाही. मोडला तो त्या जगण्याला आपल्या सिद्धांताचा आधार आहे, हा पंडितांचा दावा.

शतकानुशतकं हा ग्रंथ हरवलेला होता. १९२६ साली गुजरातेत पाटण इथे त्याची तेराव्या शतकातली ताडपत्री पोथी सापडली. जैनांची मतंही न मानणाऱ्या या ग्रंथाची पानं जैनांच्या ग्रंथभांडारात जपली गेली होती. पंडित सुखलालजी संघवी आणि रसिकलाल परीख यांनी ती संपादित केली आणि १९४० साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत ग्रंथ छापून आला. सुखलालजींची दृष्टी सोळाव्या वर्षी देवी येऊन गेली होती. त्यांनी ग्रंथ वाचले ते इतरांच्या तोंडून ऐकत, शब्दन्शब्द तपासत.