ज्यूंचा एकच देव: हा विचार नेमका कसा घडत गेला

ज्यू लोकांचा देव एकच, त्याला मूर्ती नाही आणि सगळं जग त्यानेच बनवलं, एवढं आपल्याकडे बहुतेकांना माहीत असतं. पण हे सगळं पहिल्या दिवसापासून असंच होतं का? परंपरेला विचारलं तर हो, अब्राहामपासून. त्याची एक भारी गोष्ट आहे. बाप तेरह मूर्ती विकायचा, एक दिवस पोराला दुकानावर बसवून गेला, पोराने काठी घेऊन सगळ्या मूर्ती फोडल्या आणि काठी सगळ्यात मोठ्या मूर्तीच्या हातात देऊन ठेवली. बाप आल्यावर पोरगा म्हणे, नैवेद्य आधी कोणी खायचा यावरून यांची भांडणं झाली आणि या मोठ्याने बाकीच्यांना फोडलं. बाप म्हणाला, मला काय वेडा समजतोस, यांना काय कळतंय? त्यावर अब्राहाम म्हणाला, आत्ता तोंडातून काय निघालं ते कानांनी पण ऐका. फक्त एक आहे, ही गोष्ट तोरामध्ये (बायबलची पहिली पाच पुस्तकं) कुठेच नाही, खूप नंतरच्या रब्बींनी म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी तोरावर रचलेल्या मिद्राश या कथा-टीकांमधली आहे.

जमिनीतून जे निघालं ते वेगळंच सांगतं. १९७५-७६ मध्ये सिनाईच्या वाळवंटात कुंतिलेत अजरूद या ठिकाणी झेएव्ह मेशेल यांनी उत्खनन केलं, तिथे इ.स.पू. ८०० च्या आसपासचे मोठे रांजण सापडले, त्यांच्यावर चित्रं आणि आशीर्वादाचा मजकूर. एकावर चक्क 'शोमरोनचा (उत्तरेकडच्या इस्राएल राज्याची राजधानी) याहवे आणि त्याची अशेरा' यांच्या नावाने आशीर्वाद दिलाय. याहवे म्हणजे मराठी बायबलवाल्यांचा यहोवा, आणि अशेरा ही कनानी लोकांची देवी. आता इथे देवीच म्हणायची आहे की तिच्या नावाचा लाकडी खांब, यावर अभ्यासकांची जुंपलेली असते, पण काहीही धरलं तरी 'एकच देव, बाकी कोणी नाही' हे त्यात बसत नाही.

खुद्द तोरामध्येही जुन्या खुणा शिल्लक आहेत. इजिप्तमधून निसटून समुद्र पार केल्यावरच्या गाण्यात विचारलंय की हे याहवे, देवांमध्ये तुझ्यासारखा कोण आहे? म्हणजे इतर देव आहेत हे धरूनच चाललेत. दहा आज्ञांमध्येसुद्धा दुसरे देव अस्तित्वातच नाहीत असं म्हटलेलं नाही, माझ्यासमोर तुला दुसरे देव नकोत एवढंच. शेजारच्या मवाबचा देव कमोश, तो त्यांचा, आपला हा. आणि शेजारीही अगदी असाच विचार करायचे. मवाबचा राजा मेशा याचा इ.स.पू. ८४० च्या सुमाराचा शिलालेख आहे, त्यात तो लिहितो की कमोश आपल्याच देशावर चिडला होता म्हणून इस्राएलने आम्हाला छळलं, मग कमोशने जिंकून दिलं आणि मी याहवेच्या वस्तू ओढत आणून कमोशपुढे टाकल्या. त्या काळचा साधा हिशोब हा, लढाई माणसांची असली तरी इज्जत देवांची.

पुढे इ.स.पू. ६२२ च्या सुमारास यहूदाचा राजा योशिया याने जेरुसलेमच्या देवळाची डागडुजी काढली, त्यात नियमशास्त्राचं एक पुस्तक सापडलं असं बायबल सांगतं, आणि ते ऐकून राजाने मोहीमच उघडली. गावोगावची देवस्थानं मोडली, देवळातली अशेरा बाहेर काढून किद्रोनच्या ओढ्यापाशी जाळली. काढावी लागली म्हणजे होती की आत! ते पुस्तक म्हणजे तोरातल्या आजच्या 'अनुवाद' (इंग्रजीत Deuteronomy) या ग्रंथाचा गाभा असं बरेच अभ्यासक मानतात, आणि ज्यू माणूस रोज सकाळ-संध्याकाळ म्हणतो तो शेमा याच ग्रंथात आहे: ऐक इस्राएला, परमेश्वर आपला देव, परमेश्वर एक आहे.

खरी कलाटणी मिळाली ती मात्र पराभवामुळे. इ.स.पू. ५८६ मध्ये बाबिलोनचा राजा नबुखद्नेस्सर याने जेरुसलेम घेतलं, देऊळ जाळलं, लोकांना बाबिलोनला नेलं. मेशाच्या हिशोबाने विषय संपला, बाबिलोनचा देव मार्दुक जिंकला, याहवे हरला, आता मार्दुकला भजा. पण झालं उलटंच. यशयाच्या पुस्तकातले ४० ते ५५ अध्याय या काळातल्या कोणा अनामिक संदेष्ट्याचे मानले जातात, आणि तो याहवेच्या तोंडून ठणकावून सांगतो की मीच पहिला, मीच शेवटचा, माझ्याशिवाय देवच नाही. म्हणजे बाबिलोनने लढाई जिंकली तीही याहवेने ठरवलं म्हणून, आणि ते बाबिलोन इराणचा राजा कोरेश (सायरस) याच्या हाती पडणार तेही त्याच्याच मर्जीने (पडलं इ.स.पू. ५३९ मध्ये). परक्या कोरेशला तर तो थेट मशीहा, म्हणजे देवाचा अभिषिक्त, म्हणून मोकळा होतो. हरलेल्या लोकांनी आपला देव लहान करण्याऐवजी अख्ख्या जगाएवढा केला, धर्माच्या इतिहासात अशी दुसरी उडी मला तरी पटकन आठवत नाही.

आणि जगाचा मालक म्हणायचं तर जग त्याने बनवलेलं असलं पाहिजे, त्यामुळे निर्माता हा मुद्दा इथे एकदम पुढे येतो. तोरातल्या 'उत्पत्ती' या पहिल्या पुस्तकाचा पहिला अध्याय याच काळात किंवा थोडा नंतर आजच्या रूपात आला असं पुष्कळांना वाटतं. बाबिलोनच्या 'एनुमा एलिश' काव्यात मार्दुक तियामत या समुद्रदेवतेला मारतो, तिचे दोन तुकडे करतो आणि एका तुकड्याचं आकाश बनवतो. उत्पत्तीत लढाई नाही, दुसरा देव नाही, तो बोलतो आणि होतं. सगळ्यात धमाल चौथ्या दिवशी आहे, सूर्य-चंद्राची नावंसुद्धा घेतलेली नाहीत, मोठी ज्योती आणि लहान ज्योती. बाबिलोनमध्ये शमाश आणि सिन म्हणजे मोठे देव, इथे ते दिवस-रात्र आणि सण मोजायला टांगलेले दिवे!

सगळे ज्यू लगेच या लाइनवर आले असंही नाही. इजिप्तमध्ये नाईल नदीतल्या एलिफंटाइन बेटावर पर्शियन फौजेतल्या ज्यू शिपायांची वस्ती होती, त्यांची इ.स.पू. ४०० च्या आसपासची देणगीची यादी मिळालीये, माणशी २ शेकेल. शेवटी जमाखर्चात याहोला (म्हणजे याहवेला) १२ कर्श ६ शेकेल (१ कर्श म्हणजे १० शेकेल), आणि एशेम-बेथेल व अनात-बेथेल या दुसऱ्या दैवतांपैकी पहिल्याला ७ कर्श, दुसऱ्याला १२ कर्श. म्हणजे अनात-बेथेल जवळजवळ बरोबरीत.

रोमन काळापर्यंत मात्र गोष्ट पक्की झालेली दिसते. रोमनांनी रब्बी अकिवा यांना हालहाल करून मारलं तेव्हा शेमामधला 'एक' हा शेवटचा शब्द लांबवत लांबवत त्यांनी प्राण सोडला असं तालमूद हा रब्बींच्या चर्चांचा मोठा ग्रंथ सांगतो. देव वाइटाचाही निर्माता का, हा जुना अवघड प्रश्न होताच. यशयाच्या पुस्तकात तर देव सरळ म्हणतो की मी प्रकाश घडवतो, अंधार उत्पन्न करतो, शांती देतो आणि वाईटही निर्माण करतो. सकाळच्या प्रार्थनेत हीच ओळ घेतली, फक्त 'वाईट'च्या जागी 'सर्व काही' टाकलं.

मध्ययुगात प्रश्न बदलला, देव किती याऐवजी एक म्हणजे काय. कैरोजवळ फुस्तातला राहणारे वैद्य आणि तत्त्वज्ञ मायमोनिडीज यांनी ११६८ च्या आसपास १३ तत्त्वं मांडली, पहिली पाच देवाबद्दलच: तो निर्माता, तो एक, त्याला शरीर नाही, तो सगळ्याच्या आधीचा, भक्ती फक्त त्याचीच. शरीर मानणारा तर त्यांच्या लेखी पाखंडीच, यावर फ्रान्सचे रब्बी राबाद भडकले, म्हणाले, याच्यापेक्षा मोठी माणसं तसं मानत होती. जग अनादि आहे या ॲरिस्टॉटलच्या मतावर मायमोनिडीज मोकळेपणाने लिहितात की सिद्ध झालं असतं तर मी तोरातल्या ओळींचा तसा अर्थ लावला असता, पण सिद्ध झालेलं नाही. नंतर कबाला या ज्यू गूढविद्येवाल्यांनी देवाच्या दहा सेफिरोत, म्हणजे तो प्रकट होण्याची दहा रूपं, काढल्या, तेव्हा चौदाव्या शतकात टोमणा ऐकू आला की ख्रिस्ती तीन मानतात, हे दहा.

याच मायमोनिडीजनी फ्रान्सच्या लुनेलला पाठवलेल्या पत्रात हिंदुस्थानातल्या ज्यूंचा उल्लेख केलाय, त्यांना तोरा माहीत नाही, फक्त शब्बाथ (शनिवारची विश्रांती) पाळतात आणि आठव्या दिवशी सुंता करतात. वर्णन आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाला तंतोतंत लागू पडतं, म्हणून काही जण ते त्यांचंच मानतात. अलिबागजवळ नवगावला जहाज फुटलं, पुस्तकं बुडाली, सात जोडपी वाचली अशी त्यांची आख्यायिका. शनिवारी घाणा बंद म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. हिब्रू सगळी विसरली पण शेमा टिकला, लग्न असो, सुंता असो की मयत, सगळीकडे तोच. बाहेरून आलेल्या दावीद राहाबी यांना त्यावरूनही ओळख पटली असं सांगतात, आणि मुंबईत पहिलं सिनेगॉग उभं राहिलं ते १७९६ मध्ये. आजही नवस फेडायला मालिदा करतात, गुळखोबरं घातलेले पोहे आणि फळं, वर एलियाहू संदेष्ट्याचं गाणं. बाहेरच्याला वाटेल ही एलियाहूची पूजा, पण फळ तोंडात टाकण्याआधी जो आशीर्वाद म्हणतात त्यात आभार झाडाचं फळ निर्माण करणाऱ्याचे असतात, एलियाहूचे नाहीत.