शिक्षणाने मेंदू मोठा होतो की हुशारीने चालतो?

जास्त शिकलेल्यांना डिमेन्शियाचा (स्मृतिभ्रंशाचा) धोका कमी, हे वाक्य आता गोव्यातल्या ज्येष्ठांच्या मेळाव्यांतही ऐकू येतं. ते खरं आहे. घोळ होतो तो ‘असं का?’ विचारल्यावर. मोबाईलवर फिरणारं उत्तर ठरलेलं असतं: शिक्षणाने मेंदू वाढतो. या उत्तरात ब्रेन रिझर्व्ह आणि कॉग्निटिव्ह रिझर्व्ह अशा दोन निराळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली असते.

ब्रेन रिझर्व्ह म्हणजे मेंदूचा प्रत्यक्ष ऐवज: त्याचं आकारमान, वजन, पेशींची संख्या आणि पेशींमधले जोड. यातलं काही एमआरआयमध्ये दिसतं, काही तराजूवर मोजता येतं. कॉग्निटिव्ह रिझर्व्ह तसा थेट दिसत नाही. मेंदूची हानी सारखीच झालेली असताना एक माणूस व्यवहार नीट सांभाळतो आणि दुसरा कोलमडतो, तेव्हा दोघांतला जो फरक ऐवजाने समजत नाही, तो हा. कोलंबिया विद्यापीठाचे याकोव्ह स्टर्न यांनी ही कल्पना रुजवली.

५ जुलै १९८६ला मांडवी नदीवरचा पूल कोसळला, हे पणजी-म्हापसा भागातल्या जुन्या लोकांना आठवत असेल. पूल किती भक्कम होता, हा ब्रेन रिझर्व्हचा प्रश्न. पूल पडल्यावर फेरीबोटीने पलीकडच्या बेतीला उतरून कामावर कोण पोचलं, हा कॉग्निटिव्ह रिझर्व्हचा.

या सगळ्याची सुरुवात झाली ती मात्र ऐवजापासूनच. १९८८मध्ये अमेरिकेतल्या रॉबर्ट कॅट्झमन यांच्या गटाने एका शुश्रूषागृहातल्या १३७ वृद्धांच्या मेंदूंची मृत्यूनंतर तपासणी केली. त्यातल्या दहा जणांच्या मेंदूत अल्झायमरच्या (डिमेन्शियाच्या सर्वात नेहमीच्या कारणाच्या) खुणा होत्या, पण हयातीत त्यांची बुद्धी ठणठणीत होती. त्यांचे मेंदू जड निघाले आणि त्यांत मोठ्या चेतापेशीही जास्त होत्या. मोठा मेंदू जास्त मार सोसतो, असा निष्कर्ष निघाला आणि ‘शिक्षणाने मेंदू मोठा होतो’ ही जोड पुढे लोकांनी आपल्या मनाने दिली.

ही जोड तपासली तर टिकते का? ब्रिटन आणि फिनलंडमधल्या ८७२ मेंदूंचा एकत्रित अभ्यास २०१०मध्ये आला. जास्त शिकलेल्यांच्या मेंदूत अल्झायमरच्या गाठी कमी होत्या का? नाही. रक्तवाहिन्यांची हानी कमी होती का? तीही नाही. तरी त्यांना डिमेन्शिया कमी प्रमाणात झाला होता. म्हणजे शिक्षणाने आजार अडवला नव्हता, आजाराची झळ कमी केली होती. त्यांच्या मेंदूचं वजन थोडं जास्त भरलं, हेही खरं. पण वजन शाळेमुळे वाढलं की बाळपणी चांगलं खायला मिळालेली, बऱ्या घरची मुलंच पुढे जास्त शिकली, हे वजनकाटा सांगू शकत नाही.

त्यासाठी एक झकास संधी ब्रिटनने नकळत देऊन ठेवली होती. १९७२मध्ये तिथे शाळा सोडण्याचं किमान वय १५वरून १६ झालं. त्यामुळे हुशार असो वा नसो, श्रीमंत असो वा गरीब, मुलं आणखी एक वर्ष शाळेत अडकली. काही दशकांनी सुमारे ३०,००० जणांचे एमआरआय घेऊन त्या नियमाच्या अलीकडच्या-पलीकडच्यांची तुलना झाली. त्या एका वर्षाचा मेंदूच्या रचनेवर काहीच ठसा सापडला नाही. एका वर्षाचाच हिशोब आहे हा, संपूर्ण शिक्षणाचा नव्हे. तरी ‘शाळेने मेंदू वाढतो’ म्हणणाऱ्यांनी जरा जपून बोलावं, एवढं वजन या निकालात नक्की आहे.

२०२५मध्ये ३३ देशांतल्या १,७०,०००हून जास्त लोकांची माहिती तपासली गेली. शिकलेल्यांची स्मरणशक्ती मुळात वरच्या पायरीवर होती, पण वयाबरोबर घसरण्याचा वेग शिकलेल्या-न शिकलेल्यांचा जवळपास सारखाच निघाला. वरून घसरायला लागलेल्या माणसाला खाली पोचायला वेळ लागतो, एवढंच.

याची दुसरी बाजू घरच्यांना क्वचितच कोणी सांगतं. निवृत्त मास्तर असतील, तर विसरलेलं नाव ते बोलण्याच्या ओघात झाकून नेतात, ‘अहो, ते आपले हे’ म्हणून वेळ मारून नेतात आणि घरच्यांना वाटतं, वय झालं. निदान होईपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असतो. म्हणून शिकलेल्यांमध्ये निदानानंतरची घसरण अनेकदा जास्त झपाट्याने होते.

न शिकलेल्यांची अडचण नेमकी उलटी. १९६१पूर्वी गोव्यात असंख्य मुलींना शाळेचं तोंडही दिसलं नाही. अशा आजीला इस्पितळात ‘शंभरातून सात वजा करत चला’ म्हटलं की ती गांगरते. कागदावर गुण कमी पडतात आणि शाळा न शिकल्याचा दोष मेंदूच्या माथी जातो. ती आजी बाजारात मासळीचा हिशोब तोंडी बिनचूक करत असेल, तर कागदावर ते कुठेच येत नाही.

शिवाय कॉग्निटिव्ह रिझर्व्ह फक्त शाळेत मिळतो असंही नाही. हैदराबादला सुवर्णा अल्लाडी यांच्या गटाने डिमेन्शियाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास केला (२०१३). एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांना आजार सुमारे साडेचार वर्षं उशिरा जाणवू लागला होता, आणि निरक्षरांमध्येही हा फरक होता. इतर ठिकाणचे निष्कर्ष इतके एकमुखी नाहीत. तरीही घरात कोंकणी, भजनात आणि वर्तमानपत्रात मराठी, बाजारात हिंदी आणि जुन्या कागदांत पोर्तुगीज असं जगलेल्या गोंयकाराला ही बातमी सुखावणारच.

आता प्रमाणाचं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४च्या आयोगाने डिमेन्शियाचे टाळता येण्याजोगे १४ धोके मांडले. डिमेन्शियाच्या एकूण रुग्णांत लहानपणीच्या अपुऱ्या शिक्षणाचा वाटा सुमारे ५ टक्के, ऐकू कमी येण्याचा ७ टक्के. सत्तरीत पोचलेल्या माणसाची शाळा परत भरवता येत नाही, श्रवणयंत्र मात्र लावता येतं. सुडोकूच्या वह्यांपेक्षा मी आधी कानच तपासून घेईन.

गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा कुठेही तपासणीला नेताना डॉक्टरांना आधी सांगावं: किती इयत्ता, कोणत्या भाषेत, काम काय केलं. आणि तुलना शेजारच्या काकांशी नव्हे, दोन वर्षांपूर्वीच्या त्याच माणसाशी करावी. तेव्हा पेन्शनचा हिशोब स्वतः करत होते का, देवळातली आरती न अडखळता म्हणत होते का, हे घरातलंच कोणीतरी सांगू शकतं.