रिक्वायर आणि लोड: गेटवरची वही

धरणगावच्या एका जिनिंगसाठी मी रुबी या प्रोग्रामिंग भाषेत छोटा प्रोग्राम लिहिला होता. ट्रॅक्टरचं वजन घ्यायचं, कापसाचा भाव लावायचा, हमाली-तोलाई कापून पावती काढायची. रोजचा भाव ‘भाव डॉट आरबी’ या वेगळ्या फाइलीत. सकाळी मुनीमजींनी आकडा बदलला आणि दुपारी काट्यावरून फोन आला, “भाऊ, हाऊ ते कालनाच भाव शे!”

प्रत्येक पावतीआधी फाइल रिक्वायर करणारी, म्हणजे दुसरी फाइल प्रोग्रामात आणणारी, ओळ मी टाकली होती. दर वेळी फाइल नव्याने वाचली जाते, अशी माझी समजूत.

रिक्वायर म्हणजे गेटवर वही घेऊन बसलेला वॉचमन. गाडीचा नंबर वहीत नसेल तर आत सोडतो आणि नंबर टिपून घेतो; असेल तर तिथूनच परत लावतो. त्याच ट्रॉलीत नवा कापूस भरून आणलात तरी तो आत डोकावत नाही. रुबीत या वहीला लोडेड फीचर्स म्हणतात आणि तिच्यात फाइलीचा पूर्ण पत्ता असतो. प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू केला की वही कोरी. आमचा प्रोग्राम मात्र दिवसरात्र चालू.

पहिल्यांदा रिक्वायर ट्रू परत देतो, पुढे फॉल्स. आयआरबीत (रुबीची एकेक ओळ चालवून बघायची खिडकी) फॉल्स दिसला की नवी पोरं दचकतात, पण फाइल आधीच आत आहे एवढाच त्याचा अर्थ. फाइल सापडलीच नाही तर लोडएरर नावाची चूक येते. लोडएरर हा स्टँडर्डएरर या नेहमीच्या चुकांच्या घराण्यातला नाही, त्यामुळे साधा रेस्क्यू (चूक पकडणारी ओळ) त्याला पकडत नाही. नाव घेऊनच पकडावा लागतो. यात माझी एक अख्खी रात्र गेली आहे.

फाइल आणायची दुसरी आज्ञा म्हणजे लोड. लोडकडे वहीच नाही. येईल ती गाडी काट्यावर. मी घाईघाईत रिक्वायर खोडून लोड लिहिलं (याला ‘आरबी’ हे शेपूट लिहावंच लागतं, रिक्वायर ते स्वतः लावून घेतो) आणि भाव ताजा झाला. मग सातव्या ट्रॅक्टरच्या शेतकऱ्याने पावती पुढे केली: हमाली सात वेळा कापलेली! कपातींची यादी मुख्य प्रोग्रामात होती आणि तिच्यात हमाली जोडणारी ओळ नेमकी भावाच्या फाइलीत. फाइल जितक्यांदा चालली, तितक्यांदा हमाली चढली. कॉन्स्टंटला (ज्याची किंमत बदलणं अपेक्षित नसतं असं नाव) आधीच किंमत दिलेली आहे, असा इशारा स्क्रीनवर प्रत्येक वेळी येत होता. तो वाचतो कोण?

लोडबद्दलचा मोठा गैरसमज वेगळाच आहे. पुन्हा लोड केलं की जुना क्लास (कोडचा साचा) जाऊन नवा येतो, असं वाटतं. तसं होत नाही. रुबीतला क्लास कायम उघडाच असतो. दुसऱ्यांदा चाललेली फाइल त्याच क्लासमध्ये भर घालते. बदललेली मेथड (क्लासमधलं एकेक काम) बदलते, पण फाइलीतून खोडलेली मेथड मेमरीत तशीच नांदते. क्लास खरोखर नवा हवा असेल तर आधी रिमूव्ह कॉन्स्ट या आज्ञेने त्याचं नाव काढायचं, मग लोड करायचं. तरीही आधी त्या साच्यातून बनवलेले ऑब्जेक्ट जुन्याच क्लासला धरून बसतात. रेल्समध्ये (रुबीत वेबसाइट बनवायची चौकट) डेव्हलपमेंट करताना फाइल सेव्ह केली की बदल दिसतो, त्यामागे हीच खटपट आहे. रेल्स 6 पासून ती झाइटवर्क नावाचं साधन करतं, नाव काढतं आणि वहीतली नोंदही खोडतं.

फाइल शोधण्यातही फरक आहे. लोड पाथमध्ये (फाइल शोधायच्या फोल्डरांची यादी) सापडली नाही तर लोड चालू फोल्डरमध्ये बघतो; रिक्वायरने रुबी 1.9.2 पासून ते सोडलं. म्हणून ‘लोडला सापडते, रिक्वायरला का नाही?’ हा प्रश्न येतो. शेजारची फाइल हवी असेल तर सरळ रिक्वायर रिलेटिव्ह (याच फाइलीच्या जागेवरून शोधणारी आज्ञा) वापरावं.

माझं दुखणं मात्र दोघांपैकी कोणाचंच नव्हतं. कापसाचा भाव हा कोड नव्हे, माहिती आहे. ती मी यॅमल फाइलीत (माहिती साठवायची साधी मजकूर फाइल) हलवली, प्रत्येक पावतीला ती वाचली जाते. हमालीची ओळ मुख्य प्रोग्रामात गेली. लोड आता फक्त आयआरबीत, हातातला बदल पटकन चालवून बघण्यापुरतं वापरतो.