राष्ट्रांचे मूळपुरुष आणि आरंभकथा

राष्ट्र, राज्य किंवा नगर कोणी, केव्हा आणि कोणाच्या आशीर्वादाने वसवले हे सांगणाऱ्या पारंपरिक कथेला आरंभकथा म्हणतात. तिच्या केंद्रस्थानी बहुधा एक मूळपुरुष असतो. वंशावळीत सर्वांत वर ज्याचे नाव लिहितात त्याचे घराण्यात जे स्थान, तेच या पुरुषाचे साऱ्या समाजाच्या स्मृतीत. अशी कथा सहसा मूळ घटनेनंतर शेकडो वर्षांनी आणि पुष्कळदा अडचणीच्या काळात लेखी रूप घेते. त्यामुळे ती ज्या काळाविषयी बोलते, त्यापेक्षा जिने ती लिहून ठेवली त्या पिढीविषयी तिच्यातून अधिक कळते. आरंभकथेला खोटी म्हणून बाजूला सारणे म्हणूनच चुकीचे आहे. त्या पिढीला आपण कोण आहोत असे वाटत होते, याचा तो पहिल्या प्रतीचा पुरावा असतो.

या कथांचे काही साचे फार जुने आहेत. इसवी सनापूर्वी चोविसाव्या शतकातील अक्कडचा सम्राट सारगॉन याच्या तोंडी घातलेले एक निवेदन मिळते. आई पुरोहित वर्गातली, बाप अज्ञात. आईने लव्हाळ्याच्या टोपलीला डांबर लावून तीत मूल ठेवले आणि नदीत सोडले. पाणी शेंदणाऱ्या एका माणसाने ते बाहेर काढून वाढवले. हा मजकूर सारगॉननंतर हजाराहून अधिक वर्षांनी लिहिलेल्या मृत्पट्टिकांवर सापडतो. बायबलमधील मोशे आणि महाभारतातील कर्ण यांच्या जन्मकथांशी असलेले त्याचे साम्य कोणाच्याही ध्यानात येईल. सारगॉन राजपुत्र नव्हता, त्याने सत्ता बळकावली होती. वारशाने हक्क सांगता येत नसेल, तर तो दैवाकडून आला असे सांगावे लागते, आणि नदीतून वाचलेले मूल ही दैवाने दिलेली सनदच होय.

रोमच्या कथेत हाच साचा सर्वांत तपशिलात दिसतो. रोमजवळच्या आल्बा लोंगा या जुन्या नगराच्या पदच्युत राजाची मुलगी रीआ सिल्व्हिया हिला युद्धदेव मार्सपासून जुळे होते. गादी बळकावणारा तिचा काका मुलांना टायबर नदीत टाकण्याची आज्ञा देतो. पूर ओसरताच टोपली काठाला लागते. लांडगीण त्यांना पाजते आणि फाउस्तुलस नावाचा मेंढपाळ घरी नेतो. मोठेपणी रोम्युलस आणि रीमस हे भाऊ नगर कोठे वसवायचे यावरून भांडतात. शकुन पाहताना रीमसला आधी सहा गिधाडे दिसतात, रोम्युलसला मागाहून बारा. ‘आधी’ मोठे की ‘अधिक’ मोठे, यावर वाद पेटतो. रीमस भावाची नवी तटबंदी उडी मारून ओलांडतो आणि रोम्युलस त्याला ठार करतो. २१ एप्रिल इ.स.पू. ७५३ ही स्थापनेची तारीख व्हारो या पंडिताच्या गणनेवरून रूढ झाली, म्हणजे सुमारे सातशे वर्षांनंतर.

रोममधल्या पॅलेटाइन टेकडीवर इ.स.पू. आठव्या शतकातील झोपड्यांचे अवशेष मिळाले आहेत. तेव्हा तेथे वस्ती होती एवढे खरे. जुळ्यांची कथा किती जुनी हे वादग्रस्त असले, तरी लांडगिणीखाली जुळ्यांची मूर्ती रोममध्ये इ.स.पू. २९६ मध्ये बसवल्याची नोंद आहे. इतिहासकार लिव्हीने ही कथा पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याच्या काळात पुन्हा सांगितली, तेव्हा यादवी युद्धांच्या जखमा ताज्या होत्या. रोम्युलसच्या अंताचे त्याचे वर्णन फार मोलाचे आहे. सैन्याची पाहणी चालू असता वादळ आले, दाट ढगाने राजाला झाकले आणि ढग विरला तेव्हा आसन रिकामे होते. तो देव झाला असे जाहीर झाले. मात्र सेनेटच्या सभासदांनीच त्याचे तुकडे केले अशी कुजबूजही होती, हेही लिव्ही लपवत नाही. एकाच घटनेच्या अशा दोन हकिकती शेजारी शेजारी टिकून राहणे दुर्मीळ आहे. बहुतेक परंपरांत दुसरी हकिकत पुसली जाते. मेक्सिकोत आस्तेक राजा इत्झकोआत्ल (कारकीर्द १४२७–१४४०) याने इतिहासाच्या जुन्या चित्रपोथ्या जाळवल्या. नगर कोठे वसवायचे हे दाखवणारा, निवडुंगावर बसलेल्या गरुडाचा दृष्टान्त आणि १३२५ हे आस्तेकांची राजधानी तेनोचतित्लान हिच्या स्थापनेचे रूढ वर्ष आपल्यापर्यंत आले, ते त्यानंतरच्या परंपरेतून.

आरंभाला तारीख मिळाली की कथा राज्यकारभारात शिरते. जपानचा पहिला सम्राट जिम्मू याचे राज्यारोहण इ.स.पू. ६६० मध्ये झाल्याचे ७२० मध्ये पूर्ण झालेली निहोन शोकी ही बखर सांगते. चिनी पद्धतीच्या साठ वर्षांच्या चक्राची एकवीस आवर्तने, म्हणजे १,२६० वर्षे, इ.स. ६०१ पासून मागे मोजून हे वर्ष काढले असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. सम्राट मेइजीच्या सरकारने १८७३ पासून त्याचा राष्ट्रीय सण केला व ११ फेब्रुवारी हा दिवस ठरवला; १८८९ चे संविधानही मुद्दाम त्याच दिवशी घोषित केले. १९४० मध्ये साम्राज्याची २,६०० वर्षे थाटामाटात साजरी झाली. त्या वर्षी सेवेत आलेल्या लढाऊ विमानाचे ‘झीरो’ हे नाव २६०० या आकड्याच्या शेवटच्या शून्यावरून पडले. त्याच वर्षी, या प्राचीन वृत्तान्तांची चिकित्सा करणारे इतिहासकार त्सुदा सोकिची यांच्या पुस्तकांवर बंदी आली आणि १९४२ मध्ये न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले. युद्धानंतर, १९४८ मध्ये हा सण रद्द झाला, पण १९६७ पासून राष्ट्रस्थापना दिन म्हणून तो पुन्हा पाळला जातो.

कोरियाचा मूळपुरुष दांगुन याची कथा भिक्षू इर्यॉन याच्या तेराव्या शतकातील ग्रंथात येते. देश तेव्हा मंगोल आक्रमणांनी होरपळला होता. एक अस्वलीण आणि एक वाघ माणूस होण्याची इच्छा धरतात. स्वर्गपुत्र ह्वानुंग त्यांना दवण्यासारखी एक कडू वनस्पती व लसणाच्या वीस पाकळ्या देऊन शंभर दिवस ऊन टाळायला सांगतो. वाघाचा धीर सुटतो. अस्वलीण एकविसाव्या दिवशी स्त्री होते आणि तिच्या पोटी दांगुन जन्मतो. इ.स.पू. २३३३ पासून मोजलेली त्याची कालगणना दक्षिण कोरियात १९४८ ते १९६१ अधिकृत होती. उत्तर कोरियाने १९९३ मध्ये त्याची कबर सापडल्याचे जाहीर केले. दुभंगलेल्या देशाचे दोन्ही भाग एकाच मूळपुरुषावर हक्क सांगतात.

स्वित्झर्लंडचा लोकनायक, धनुर्धर विल्यम टेल याचे नाव, ज्यातून देशाचा आरंभ मानतात त्या १२९१ च्या करारपत्रात नाही. त्याची कथा सुमारे १४७० च्या एका हस्तलिखितात प्रथम भेटते. मुलाच्या डोक्यावरचे सफरचंद बाणाने उडवण्याचा प्रसंग त्याआधी डेन्मार्कच्या टोको या धनुर्धराच्या नावावर होताच. हे दाखवणारी पुस्तिका १७६० मध्ये निघाली, तेव्हा आल्टडॉर्फमध्ये ती जाहीरपणे जाळण्यात आली.

आधुनिक काळातील संस्थापक कागदोपत्री पुराव्यांसह समोर असतात, तरी कथा थांबत नाही. जॉर्ज वॉशिंग्टन १७९९ मध्ये वारले. लहानपणी चेरीचे झाड कापल्याची कबुली त्यांनी वडिलांजवळ दिली, ही कथा मेसन वीम्स या चरित्रकाराने आपल्या पुस्तकाच्या १८०६ च्या आवृत्तीत घातली. तिला दुसरा आधार नाही. १८६५ मध्ये अमेरिकेच्या संसदभवनाच्या घुमटात ब्रुमिडी या चित्रकाराने वॉशिंग्टन ढगांत देवतांच्या मधोमध बसल्याचे भित्तिचित्र पूर्ण केले. ढगात नाहीसा झालेला रोम्युलस येथे पुन्हा दिसतो. तुर्कस्तानात संसदेने १९३४ मध्ये मुस्तफा केमाल यांना दिलेले ‘आतातुर्क’, म्हणजे तुर्कांचा पिता, हे आडनाव दुसऱ्या कोणालाही लावता येत नाही.

आरंभकथेचा सर्वांत उपेक्षित भाग म्हणजे तिने मागे टाकलेली माणसे. कवी होरेसने रोमच्या यादवीचे मूळ निरपराध रीमसच्या रक्तात पाहिले. श्रीलंकेच्या महावंस या पाली बखरीत हा भाग अधिक उघड आहे. सिंहाचा नातू विजय सातशे सोबत्यांसह हद्दपार होऊन बुद्धाच्या परिनिर्वाणाच्या दिवशी लंकेच्या किनाऱ्याला लागतो. बेट रिकामे नसते. तेथे यक्षांची नगरे असतात. झाडाखाली सूत कातत बसलेली कुवेणी ही यक्षिणी आधी त्याच्या माणसांना कोंडते, मग शरण येऊन त्यांना जेवू घालते आणि आपल्याच लोकांचा संहार करायला त्याला मदत करते. तिला विजयापासून एक मुलगा व एक मुलगी होते. पण राज्याभिषेकासाठी क्षत्रिय राणी हवी म्हणून तो दक्षिणेतील मदुरेहून राजकन्या मागवतो आणि मुलांना ठेवून निघून जा असे कुवेणीला सांगतो. ती मुलांना घेऊन यक्षांच्या नगरीकडे जाते, त्यांना वेशीबाहेर बसवून आत शिरते आणि हेर समजून एक यक्ष तिला एका तडाख्यात ठार करतो. मामाच्या सांगण्यावरून मुले डोंगराळ प्रदेशात पळतात. त्यांच्यापासून पुलिंद लोक झाले, एवढे नोंदवून महावंस विजयाच्या राज्याभिषेकाकडे वळतो.