बॉयलरचं प्रेशर उतरतं, पण पाणी जातं कुठे?

इथे इंग्लंडात हीटिंग सुरू करायचे दिवस आले की ओळखीतल्या कुणाचा ना कुणाचा फोन येतोच, बॉयलर बंद पडलाय, प्रेशरचा काटा अर्ध्या बारच्या (बार म्हणजे दाबाचं माप, 1 बार साधारण वातावरणाच्या दाबाइतका) खाली गेलाय, आता काय करू. उत्तर द्यायला सगळेच तयार असतात: खाली फिलिंग लूपची, म्हणजे नळाचं पाणी हीटिंगच्या पाइपांत सोडणाऱ्या जोडणीची, चावी आहे ती फिरव, दीड बारपर्यंत पाणी भर, झालं. होतंही. मग आठवड्याने परत तेच. आणि कारण विचारलं की "थंडीत गरम पाणी जास्त वापरतो ना, म्हणून संपतं."

नाही हो संपत! कॉम्बी बॉयलर म्हणजे घरही गरम करणारा आणि नळाला गरम पाणीही देणारा एकच बॉयलर, पण त्यात शॉवरचं पाणी वेगळं आणि खोल्या तापवणाऱ्या रेडिएटरचं वेगळं. शॉवरचं मेनमधून येतं, तापतं, निघून जातं. रेडिएटरमधलं मात्र तेच तेच पाणी बंद पाइपांतून फिरत राहतं. रेडिएटरमधली हवा काढली की काटा एकदा उतरतो ते ठीक, पण दर आठवड्याला उतरत असेल तर पाणी कुठूनतरी बाहेर जातंय. रेडिएटरच्या व्हॉल्व्हचा नट, तांब्याच्या जोडावरचे हिरवे डाग, कार्पेटची ओल हे आधी बघा. बॉयलरच्या आतूनच ठिबकत असेल तर त्याचा स्विच बंद करा आणि कव्हर उघडायला जाऊ नका, ते गॅस सेफ रजिस्टर्ड, म्हणजे गॅसच्या कामाची इथली अधिकृत नोंदणी असलेल्या, माणसाचं काम.

पण कितीतरी वेळा घर कोरडं ठणठणीत असतं. तेव्हा बाहेर जा. बॉयलरच्या मागच्या भिंतीतून तांब्याची एक बारीक नळी बाहेर येऊन परत भिंतीकडे वळलेली असते, तिच्या तोंडाला रात्रभर प्लॅस्टिकची पिशवी सैलसर बांधून ठेवा. सकाळी पिशवीत पाणी दिसलं तर गोष्ट खरी इंटरेस्टिंग होते, कारण ही नळी सेफ्टी व्हॉल्व्हची, आणि तो 3 बारला उघडतो. आता काटा तर 1 च्या खाली पडतोय, मग 3 बार आला कुठून?

10 अंशांचं पाणी 70 अंशांवर नेलं की ते साधारण 2.2 टक्के फुगतं. सिस्टममध्ये समजा 90 लिटर पाणी आहे, म्हणजे जवळपास 2 लिटर जास्तीचं झालं. ते कुठे मावणार? आपल्याकडे गच्चीवरच्या सोलरला वर उघडी व्हेंट पाइप असते, तिथे प्रश्नच येत नाही. पण इथे सगळं बंद, आणि पाणी दाबून दबत नाही, 1 टक्का आकसवायला 200 बारच्या वर दाब लागतो. म्हणून बॉयलरच्या पोटात एक्सपान्शन व्हेसल असतं: पत्र्याचा डबा, मधे रबराचा पडदा, एका बाजूला सिस्टमचं पाणी, दुसऱ्या बाजूला हवा किंवा नायट्रोजन. पाणी फुगलं की पडदा सरकतो, हवा दबते.

आता 1662 साली छापलेला बॉइलचा नियम काढा, शाळेतला, दाब गुणिले आकारमान कायम. एकच लक्षात ठेवायचं, काट्यावरचा आकडा वातावरणाच्या वरचा असतो, म्हणून हिशोबात त्यात 1 मिळवायचा. व्हेसल 8 लिटरचं, हवा काट्याच्या 1 बारला भरलेली, म्हणजे खरी 2. पाणीही 1 बारला भरलं. तापल्यावर 2 लिटर पाणी आत घुसलं, हवेला उरले 6 लिटर, दाब 2 × 8 ÷ 6 म्हणजे 2.67, काट्यावर 1.67. मस्त.

पण रबरातून हवा वर्षानुवर्षं हळूहळू झिरपते. ती काट्याच्या शून्यावर आली असं धरा. थंड असताना तुम्ही पाणी 1 बारला भरलंत, की तेवढ्यानेच हवा 8 ची 4 लिटर झाली. वर ते 2 लिटर आले, उरले 2. दाब 2 × 4 ÷ 2 म्हणजे 4, काट्यावर बरोब्बर 3! व्हॉल्व्ह उघडला, पाणी भिंतीबाहेर. रात्री सिस्टम थंड झाली, पाणी आकसलं, गेलेलं काही परत येत नाही, सकाळी काटा खाली. तुम्ही परत भरता, ते परत बाहेर. म्हणजे काटा उतरतो तो मुळात जास्त चढला म्हणून!

त्यात एकदा उघडलेला व्हॉल्व्ह नीट बसेलच असं नाही, कुकरच्या शिट्टीत डाळीचं टरफल अडकावं तसा कचरा अडकतो आणि मग तो 1 बारलाही गळत राहतो.

खंडेनवमीला बॉयलरला फूल वाहा, माझी काही हरकत नाही. पण "बाटली ओता, लीक बंद" वाल्या सीलरवरची श्रद्धा त्याहून महाग पडते. पाइपातल्या बारीक फटीला तो कधी चालतोही, पण व्हेसलमधली हवाच गेली असेल तर तो बुजवणार काय? आणि दर आठवड्याला भरलेल्या ताज्या पाण्यासोबत ऑक्सिजन आत जातो, रेडिएटरचं लोखंड गंजतं, त्याचा काळा गाळ पंपात आणि हीट एक्सचेंजरमध्ये, म्हणजे पाणी तापवणाऱ्या भागात, जाऊन बसतो.

म्हणून माणूस बोलावलात की त्याला सांगा, काटा थंड असताना 1 आणि तापल्यावर 3 होतो. व्हेसलला गाडीच्या टायरसारखाच व्हॉल्व्ह असतो, पण हवा मोजायची ती सिस्टममधलं पाणी काढून दाब शून्यावर आणल्यावर, नाहीतर गेजवर पलीकडच्या पाण्याचाच दाब दिसतो आणि सगळं ठीक वाटतं. त्या व्हॉल्व्हमधून पाणी आलं तर पडदा फाटलाय. तरी नवीन बॉयलरचं कोटेशन घेण्याआधी विचारा, रिटर्न पाइपवर, म्हणजे रेडिएटरकडून बॉयलरकडे परत येणाऱ्या पाइपवर, बाहेरून वेगळं व्हेसल बसेल का, बऱ्याचदा बसतं.